पीठ गरम येतं, तिथेच युनिट जातात

दळण पूर्वीइतकंच आहे, दहा एचपीची मोटारही तीच. बिल मात्र वर्षभरात चढत गेलं. मीटर खराब असेल का? (कुही)

मीटरवर संशय घेण्याआधी नळीखाली हात धरा. पीठ चटका बसेल इतकं गरम येत असेल, तर वीज दळण्यात कमी आणि दगड तापवण्यात जास्त जातेय. दगड गुळगुळीत झाला की दाणा कापला जात नाही, नुसता घासला जातो. मग आपण दगड आणखी आवळतो, पीठ बारीक येतं आणि मोटार कण्हते. टाकी लावून घ्या, म्हणजे छिन्नीने दगडाच्या खाचा पुन्हा धारदार करून घ्या, आणि तीही दळण पाहून. ज्वारी-गहू जास्त असेल तर महिनोन्महिने वाट पाहू नका.

मग चक्की बंद करून, मेन स्विच पाडून पट्ट्याला हात लावा. हात ठेववत नसेल तर पट्टा घसरतोय. व्ही-बेल्ट खाचेच्या तळाला टेकला असेल तर तो संपला. तीनांतला एकच बदलला तर नवा एकटाच ताण घेतो, म्हणून तिन्ही बदला.

आता हिशोब. दहा एचपीची मोटार पूर्ण भाराला तासाला साधारण साडेआठ युनिट घेते. सकाळी मीटर टिपा, दिवसभरात किती किलो दळलं ते लिहा, संध्याकाळी परत टिपा. टाकीआधी आणि टाकीनंतर, असे दोन दिवस पुरेत; किलोमागे किती युनिट लागले ते ताडून पाहा.

रिकाम्या चक्कीलाही क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) सहा अँपिअर दिसतात. लाइनमन म्हणाला, जवळपास अर्धी वीज फुकट जाते. कपॅसिटर लावू का? (मौदा)

अँपिअर म्हणजे युनिट नव्हेत. रिकाम्या मोटारीचा बहुतेक करंट चुंबकत्व धरून ठेवण्यात जातो, तो युनिटात फारसा येत नाही. नुसत्या मोटारीचा खर्च तासाला अर्ध्या युनिटच्या आसपास, त्यावर पट्टा आणि शाफ्टचं घर्षण. तरी दोन गिऱ्हाइकांच्या मधे चक्की फिरती ठेवू नका, दळणं साठवून एकदम लावा. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला किती लागतो ते प्रमाण) सुधारतो, दगड हलका होत नाही. बिलात केव्हीएएचवर (म्हणजे चुंबकत्वाचा करंटही धरून) आकारणी असेल किंवा पॉवर फॅक्टरचा दंड दिसत असेल, तरच त्यावर पैसे घाला.

मे महिन्यातच मोटार जळते, दोनदा झालं. (काटोल)

मोटारीची क्षमता साधारणपणे 40 अंश तापमान धरून ठरवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असतात, पत्र्याखालचं तर विचारूच नका. त्यात पंख्याच्या जाळीवर पिठाचा थर. एका चक्कीत तर पीठ बसू नये म्हणून मोटारीवर पोतं पांघरलेलं पाहिलं! जाळी रोज झाडा, मोठी दळणं सकाळी लावा आणि एक फेज गेला की मोटार बंद पाडणारा रिले बसवा. रिवाइंडिंगला तार त्याच गेजची, वेढे तितकेच.

घाण्यावर सोयाबीन काढावं का? (उमरेड)

नका. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के, त्यातलं बरंचसं ढेपेतच राहतं. घाणा फिरवायचाच तर जवस घ्या, त्यात तेल जवळपास दुप्पट असतं.