कावळ्याला दिलेला शब्द आणि मुंबईला गेलेले पप्पा

ताई,
नवरात्रात माझे धाकटे दीर हार्ट अटॅकनं गेले. वय 43. शिरोळ तालुक्यात आमचं एकत्र घर आहे. मागं जाऊबाई, दहावीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी. धाकटीला त्या दिवशी शेजारी ठेवलं होतं. सासूबाईंनी तिला सांगितलंय, पप्पा मुंबईला कामाला गेलेत. परवा तिनं फोन लावा म्हणून हट्टच धरला, तेव्हा तिचे पुण्याचे मामा पप्पांचा आवाज काढून बोलले. तिनं जरा वेळ ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे मामा आहेत."
थोरल्यानं अग्नी दिला, मुंडण केलं, पण डोळ्यांत पाणी नाही. रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. एकेक जण हात जोडून सांगू लागला, पोरांना सांभाळतो, शेत बघतो. शेवटी आमच्या ह्यांनी त्याला पुढं केलं, "तू सांग पप्पाला, दहावीत नव्वद टक्के पाडतो म्हणून." तो बोलला आणि कावळा शिवला. आता सहामाहीत 61 टक्के पडलेत. रात्री माझ्या मुलाला विचारत होता, नव्वद नाही पडले तर पप्पा अडकून राहतील का रे? जाऊबाई न्हाणीत नळ सोडून रडतात. धाकटीनं एकदा त्यांच्या कपाळाला कुंकू लावायला हात नेला, तर सासूबाईंनी तो मधेच धरला. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे आणि घरात वर्षभर सण नाही. मी काय करू?
– मोठी काकू

काकू,

पहिलीतल्या पोरीनं अख्ख्या घराचं खोटं जरा वेळात पकडलं, आणि पकडल्यावर काही न बोलता फोन परत दिला. पप्पांबद्दल या घरात खरं विचारायचं नसतं, हे ती शिकली आहे. मला तिच्या रोजच्या प्रश्नापेक्षा या गप्प बसण्याची काळजी जास्त वाटते. मामांना दोष देऊ नका, त्यांचेही दाजी गेलेत. पण फोनचं नाटक आजपासून बंद.

तिच्या जागी बसून बघा. बाप मुंबईला गेला, दिवाळी होऊन गेली तरी आला नाही, एक फोन नाही. मग तो माझ्यावर रागावला असणार. या वयाची मुलं असाच हिशेब मांडतात. आपण रुसलो, आपण दप्तर फेकलं म्हणून हे झालं, असं त्यांना खरोखर वाटतं, आणि कुणाला सांगतही नाहीत. तुम्ही दुःख लपवायला गेलात आणि तिच्या पदरात त्याहून वाईट गोष्ट पडली.

तिला खरं सांगायचं, आणि ते आईनं सांगायचं. तुम्ही शेजारी बसा. रात्री झोपताना नको, सकाळी किंवा दुपारी, पोट भरलेलं असताना. शब्द साधे ठेवा: "पप्पांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण पप्पा मेले. मेलं की श्वास थांबतो, भूक लागत नाही, दुखत नाही, आणि माणूस परत येत नाही. आम्ही तुला मुंबई सांगितलं ते खरं नव्हतं. तुला कसं सांगायचं ते आम्हाला कळेना. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही." 'मेले' हा शब्द जाऊबाईंच्या तोंडून निघणं अवघड आहे, तिथं तुम्ही मदत करा, पण तो गाळू नका. 'झोपले' म्हणाल तर पोर झोपायला घाबरेल. 'देवाला आवडले म्हणून नेलं' म्हणाल तर ती देवाला आवडायलाच घाबरेल. सासूबाईंना 'देवाघरी गेले' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू देत, तो त्यांचा आधार आहे. पण आधी शरीराचं खरं, मग देवाचं घर.

ऐकून ती कदाचित रडेल, कदाचित "मी खेळायला जाऊ?" म्हणेल. जाऊ द्या. लहान मुलांचं दुःख थोडंथोडं, मधेमधे येतं. खेळता खेळता थांबून चार दिवसांनी ती पुन्हा तेच विचारेल, तेव्हा पुन्हा तेच सांगा, तितक्याच शांतपणे. "आई पण मरणार का?" हा प्रश्न तर ठरलेला. त्याला "छे, कधीच नाही" हे उत्तर नाही. "बहुतेक माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात, आईची तब्येत चांगली आहे, आणि काही झालं तरी तुला बघायला काकू आहे, काका आहेत, आजी आहे." अंथरुण ओलं करणं, अंगठा चोखणं, शाळेच्या वेळेला पोट दुखणं, हे काही आठवडे चालेल. रागवू नका.

आता थोरल्याचं. त्याच्या डोळ्यांत पाणी नाही असं तुम्ही लिहिलंत. कुठून येईल? पंधरा वर्षांच्या मुलानं बापाला अग्नी दिला, डोक्यावरचे केस गेले, त्याच डोक्यानं तो वर्गात जाऊन बसला, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकानं पाठीवर हात ठेवून सांगितलं असणार की आता तूच घरचा कर्ता. या वाक्यावर माझा जुना राग आहे. घरात कर्ते काका धडधाकट असताना ते पोराच्या खांद्यावर कशाला?

आणि त्यावर तो शब्द. तुमच्या यजमानांनी वाईट हेतूनं केलं नाही, हे मी जाणते. घाटावर ऊन चढत असतं, कावळा लांब फांदीवर बसलेला असतो, सगळ्यांची घालमेल चाललेली असते, तेव्हा माणूस तोंडाला येईल ते बोलतो. पण पोरानं ते खरं धरलं. सहामाहीच्या 61 टक्क्यांत आता त्याला बापाची मुक्ती दिसते. म्हणून ज्यानं शब्द द्यायला लावला, त्यानंच तो सोडवायचा. हे काम तुमचं नाही, माझं नाही, समुपदेशकाचंही नाही. काकांचंच.

त्यांनी त्याला समोर बसवून भाषण देऊ नये. मोटारसायकलवर मागं बसवून शेताकडं घेऊन जावं. या वयाची मुलं नजरेला नजर न देता जास्त बोलतात. आणि सांगावं की तुला ते बोलायला लावलं ही माझी चूक झाली. "अंधश्रद्धा आहे, सोडून दे" असं त्याला सांगू नका, ज्या गोष्टीची त्याला धास्ती आहे तिची टिंगल होईल. आपल्याच रीतीतून त्याला बाहेर काढा. कावळा शिवला, म्हणजे त्या रीतीप्रमाणंही पप्पांचं सगळं मिटलं, मागं काही राहिलं नाही. शिवलाच नसता तर दर्भाचा कावळा करून शिवायची सोय आपल्याच शास्त्रात आहे, लोक गाईलाही घास घालतात. कुणाचीही मुक्ती पोराच्या मार्कांवर टांगून ठेवा असं कुठंच सांगितलेलं नाही. यावर तो चिडेल, गप्प बसेल किंवा कधी नव्हे तो रडेल. काकांनी तिथंच थांबावं, घाईनं गाडी सुरू करू नये.

वर्गशिक्षकांनाही घरातल्यांपैकी कुणीतरी भेटा. बाप गेल्यावर लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, यात आळशीपणा नाही. दहावी एकदा बिघडली तर पुरवणी परीक्षा असते.

जाऊबाईंबद्दल एक सांगते. अमेरिकेत बोस्टनच्या परिसरात, आई किंवा वडील गेलेल्या 70 कुटुंबांतल्या 125 मुलांचा हार्वर्डच्या संशोधकांनी दोन वर्षं पाठपुरावा केला होता. मुलं सावरतात की नाही, हे मुख्यतः मागं राहिलेला पालक कसा उभा राहतो त्यावर ठरतं, असं त्यात दिसलं. आणि काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षी नव्हे तर दुसऱ्या वर्षी ठळक झाला, जेव्हा लोकांची ये-जा थांबलेली असते. म्हणून तुमची खरी गरज वर्षश्राद्धानंतर लागेल. आत्ता जाऊबाईंना दुपारची तासभर झोप मिळेल एवढं बघा, आणि नळ बंद करायला सांगा. आईनं मुलांसमोर रडावं आणि "पप्पांची आठवण आली" एवढं म्हणावं. मग मुलांनाही रडायला मोकळीक मिळते.

कुंकवाचं म्हणाल तर हेरवाड तुमच्याच तालुक्यातलं. मे 2022 मध्ये त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवऱ्यामागं बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आपल्या गावात बंद, आणि मग राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं. शेजारच्या गावाला जमलं ते तुमच्या माजघरात जमेल. लावायचं की नाही हे जाऊबाई ठरवतील. धाकटीचा हात मात्र कुणी धरू नये. तिला फक्त आई पूर्वीसारखी दिसायला हवी आहे. सासूबाईंशी भांडू नका, त्या माउलीचा मुलगा गेलाय आणि तिला विचारायला अजून कुणी बसलेलं नाही. तुम्ही बसा.

वाढदिवस करा. लाऊडस्पीकर नको, चार मैत्रिणी, केक, आणि औक्षण आईच्या हातून. सण नाही हा नियम मोठ्यांनी आपल्यापुरता पाळावा.

काही गोष्टींना मात्र थांबू नका. थोरला "मी पप्पांकडं जातो" असं म्हणू लागला, स्वतःला इजा करू लागला, कित्येक आठवडे जेवण-झोप-शाळा सुटली, किंवा दारू-तंबाखूकडं वळला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि फुकट चालतो, मराठीतही बोलतात. तो नंबर जाऊबाईंच्याही फोनमध्ये असू द्या.

शेवटचं पैशाचं. आई किंवा वडील गेलेल्या 18 वर्षांखालच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागं महिन्याला 2250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा आणि मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. ही कागदपत्रं, वारसनोंद, बँक, सगळं तुमच्या यजमानांनी करावं. थोरल्याला कुठल्याही रांगेत उभं करू नका.