वाचकांचे प्रश्न : प्रिन्स्टनची दफनभूमी

प्रश्न : अमेरिकेतील प्रिन्स्टन या लहानशा नगरातील दफनभूमीत कोणते राजकारणी चिरविश्रांती घेत आहेत?

उत्तर : सलग नसलेल्या दोन कार्यकाळांत राष्ट्राध्यक्षपद भूषविणारे पहिले नेते ग्रोव्हर क्लीव्हलँड निवृत्तीनंतर प्रिन्स्टनलाच राहिले आणि 1908 मध्ये तेथेच निवर्तले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे जॉन विदरस्पून यांचीही कबर येथे आहे. अधिक कुतूहल मात्र, आमच्या मते, आरन बर यांच्याविषयी वाटावे : उपराष्ट्राध्यक्ष असतानाच 1804 मध्ये त्यांनी द्वंद्वयुद्धात अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना प्राणांतिक जखमी केले, 1807 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यातून ते निर्दोष सुटले, आणि 1836 मध्ये निधन झाल्यावर त्यांना, येथील महाविद्यालयाचे अध्यक्ष राहिलेल्या वडिलांच्या व आजोबांच्या सान्निध्यात पुरण्यात आले.