व्होल्ट दिसतात, तरी मशीन का चालत नाही?

प्रश्न : एसी दुरुस्ती शिकतोय. गॅस भरणं, ब्रेझिंग (पाइपांचे सांधे जोडणं), पाइपिंग जमतं; पण वायरिंग डायग्राम समोर आला की गोंधळ उडतो. सुरुवात कुठून करू?

सगळा डायग्राम एकदम वाचायला जाऊ नका. एकच लोड, म्हणजे वीज वापरणारा भाग, निवडा; समजा कॉन्टॅक्टरची (कंप्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल. तिच्या एका टोकापासून मागे मागे बोट फिरवत ट्रान्सफॉर्मरपर्यंत जा आणि वाटेत लागेल तो प्रत्येक स्विच क्रमाने वहीत उतरवा : लो प्रेशर, हाय प्रेशर, थर्मोस्टॅट. मग दुसऱ्या टोकापासून तसंच करा. नवशिके हमखास अडखळतात ते एका गोष्टीपाशी : कॉन्टॅक्टर ही वस्तू एकच, पण डायग्राममध्ये ती दोन ठिकाणी असते. कॉइल कंट्रोल सर्किटमध्ये आणि काँटॅक्ट कंप्रेसरच्या पॉवर सर्किटमध्ये. दोन्हींना एकाच रंगाने खूण करा, निम्मा गुंता तिथेच सुटतो.

प्रश्न : कॉन्टॅक्टर ओढत नाही, म्हणजे त्याचे काँटॅक्ट जुळत नाहीत. लो प्रेशर स्विचच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावला तर 24 व्होल्ट दिसतात. सीनियर म्हणतात, व्होल्टेज येतंय म्हणजे स्विच चांगला आहे. खरं का?

नाही, अगदी उलट. हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण या एका समजुतीपायी चांगले पार्ट फुकट बदलले जातात.

मीटर दाखवतो तो दोन टोकांमधला फरक. स्विच बंद, म्हणजे जोडलेला असेल, तर त्याची दोन्ही टोकं एकाच पातळीवर असतात आणि मीटर शून्याच्या आसपास राहतो. तो उघडा असेल तर करंट थांबतो, कॉइलवर काहीच व्होल्टेज पडत नाही आणि सगळे 24 व्होल्ट त्या उघड्या जागेवर दिसतात. तुमचा स्विच उघडा आहे.

मात्र साखळीतले दोन स्विच एकदम उघडे असतील तर ही पद्धत फसवू शकते. म्हणून एक प्रोब ट्रान्सफॉर्मरच्या कॉमन टोकावर धरून ठेवा आणि दुसरा थर्मोस्टॅटपासून कॉइलकडे एकेक टर्मिनल पुढे सरकवत न्या. 24 जिथे नाहीसे होतात, त्याच्या अलीकडचा स्विच किंवा तुकडा उघडा. शेवटपर्यंत 24 मिळाले, तर आता दोन्ही प्रोब कॉइलच्या दोन टोकांवर ठेवा. तिथेही 24 असून कॉन्टॅक्टर ओढत नसेल, तर कॉइल जळालेली असेल किंवा कॉन्टॅक्टर आतून अडकला असेल.

आणि स्विच उघडा सापडला म्हणून त्यावर जंपर मारून, म्हणजे स्विच वगळून वायरने थेट जोडून, निघून जाऊ नका. गॅस कमी झाला म्हणूनही तो उघडतो, म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. आधी प्रेशर बघा.

प्रश्न : हीटर मध्येच बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच.

हीटर बंद पडलेला असताना थर्मोस्टॅटमधून मागणी चालू आहे का, ते मोजा. चालू असेल तर लिमिट स्विच उघडत असण्याची शक्यता मोठी. आतलं तापमान मर्यादेबाहेर गेलं की तो तोडतो, थंड झाल्यावर जोडतो. बहुतेकदा दोष हवेच्या प्रवाहात असतो : तुंबलेला फिल्टर, मंदावलेला ब्लोअर, बंद केलेल्या जाळ्या.

प्रश्न : कंप्रेसर गुणगुणतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो. कंप्रेसर गेला का?

इतक्यात तसं ठरवू नका. सिंगल फेज असेल तर आधी रन कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा भाग) बघा. सप्लाय तोडा, कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा, वायरी काढून मायक्रोफॅरड मोजा आणि छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तो ठीक निघाला तर कंप्रेसरच्या कॉमन, स्टार्ट आणि रन या तीन टर्मिनलांमध्ये वाइंडिंगचा रेझिस्टन्स घ्या : स्टार्ट-रनमधला सर्वांत जास्त, कॉमन-स्टार्टचा मधला, कॉमन-रनचा सर्वांत कमी. पहिला आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. शिवाय कोणत्याही टर्मिनलवरून बॉडीला कंटिन्युटी मिळता कामा नये.

प्रश्न : कंट्रोल सर्किटचा फ्यूज बदलला की लगेच उडतो. मोठ्या अँपिअरचा घालू का?

मुळीच नाही, ट्रान्सफॉर्मर जाईल. सप्लाय बंद करा, कंट्रोल बोर्डावरून थर्मोस्टॅटकडे जाणाऱ्या वायरी सोडवा आणि योग्य फ्यूज घालून पाहा. टिकला तर दोष त्या वायरींमध्ये किंवा त्यांच्यापुढच्या लोडमध्ये आहे. मग दर वेळी सप्लाय बंद करून एकेक वायर परत जोडा. जिला फ्यूज उडेल, तिचीच वाट धरा. बाहेरच्या युनिटकडे जाणारी केबल पत्र्याच्या कडेला घासते ती जागा आधी तपासा.