उजवा हात थांबवू नकोस

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. चार महिन्यांत गिटारचे चौदा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चौदा पकडी, पाठ झाले, गाणं मात्र एकही पुरं वाजत नाही. एफ कॉर्ड काही केल्या लागत नाही. आणि आता तुझा प्रश्न असा की गिटार बदलावी, युकुलेले घ्यावी, की बोटंच आखूड आहेत म्हणून सोडून द्यावं.

यातलं काहीच करू नकोस. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं ऐकू येतंय. जी वाजतो, छान वाजतो. मग शांतता. त्या शांततेत तू सी शोधतेस. सी सापडला की पुन्हा छान. म्हणजे कॉर्ड तुला येतात. अडचण एवढीच आहे की तुझा उजवा हात डाव्याची वाट बघत उभा राहतो. उजवा हात थांबवायचा नाही. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हा पुन्हा भेटेल, त्याला माझा इलाज नाही.

विरार लोकलमधलं भजन तू ऐकलं असशील. गर्दीचा लोंढा आत घुसतो, कुणी कडवं विसरतं, एखाद्याचा आवाज पट्टी सोडून जातो, पण टाळ थांबत नाहीत. विसरलेला माणूस पुढच्या समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, येऊन मिळतो. सी वेळेत लागला नाही ना, मग मोकळ्या तारांवर हात फिरू दे. नाहीतर डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकव आणि खस् खस् वाजू दे. गेलेल्या सीच्या मागे धावायचं नाही, पुढच्या समेला हजर व्हायचं.

थांबून थांबून सराव केला की 'जी, थांबा, सी' असा अख्खा क्रमच हातात बसतो. मग वेग वाढवलास तरी तो थांबा आतमध्ये तसाच राहतो, आणि एकदा बसला की काढायला महिने जातात.

आता ताल बघ. केहरवा तुला माहीत आहे: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा. १, ३, ५, ७ ला हात खाली, २, ४, ६, ८ ला वर. सगळ्या आठ वाजवायच्या नाहीत, पण हात आठही वेळा हलायला हवा. सोप्या गाण्यांत सर्रास चालणारा ठेका म्हणजे १, ३, ४, ६, ७, ८. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात तारांना न लागता हवेतून जातो. पाचवीलाच सगळे अडखळतात, कारण तिथे आवाज नाही म्हणून हातही थांबवतात. मग सहावी मात्रा वर जाताना यायला हवी ती खाली येते आणि ठेका उलटा होतो.

आणि आठवी मात्रा, तो शेवटचा 'न', मोकळ्या तारांवर वाजव. डावा हात सातवी वाजताच उचल, आठवीला मोकळ्या तारा वाजू दे, समेवर नवा कॉर्ड. वेगात हे कानाला खटकत नाही, मुरलेले वादकही सर्रास करतात. डाव्या हाताला जागा बदलायला जी अर्धी टिकटिक हवी असते ती इथे मिळते. हे कुणी सांगत नाही म्हणून मुलं सातवी-आठवीला कॉर्ड घट्ट धरून ठेवतात आणि मग समेला उशीर होतो.

डाव्या हाताला कमी काम दे. चौदा कॉर्ड बाजूला ठेव, सध्या चारच. जी असा धर: मधलं बोट सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गळ्यावरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात), तर्जनी पाचवीवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसरीवर आणि करंगळी पहिलीवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. आता मधलं बोट आणि तर्जनी एकेक तार खाली, बारीक तारांच्या बाजूला सरकव. झाला सी ॲड नाइन. सीच्या जागी तो बिनधास्त चालतो. डीला जाताना करंगळी उचल, अनामिका तिथेच राहू दे, तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट पहिलीवर, दोन्ही दुसऱ्या फ्रेटला. तिन्ही कॉर्डमध्ये अनामिका हललीच नाही. तू ती दर वेळी उचलून पुन्हा शोधतेस. चौथा ई मायनर, तो तुला येतोच.

तार खरखरली तर जोर वाढवू नकोस, बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ने. डाव्या हाताची नखं काप, मी दर वेळी सांगतो.

एफचं सांगतो. पहिल्या फ्रेटला सगळ्या तारांवर तर्जनी आडवी दाबणं सगळ्यात कठीण जातं, कारण तिथे तार नटच्या (गळ्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) अगदी जवळ असते आणि दबायला सर्वांत जास्त जोर मागते. तोच आकार पाचव्या फ्रेटला करून बघ, बराच हलका लागेल. म्हणजे आखूड बोटांचा विषय संपला. तोवर नेहमीच्या सीवरून तर्जनी न उचलता मधलं बोट आणि अनामिका एकेक तार बारीक तारांकडे सरकव. पहिली तार मोकळी, पाचवी-सहावी वाजवायच्या नाहीत. हा एफ मेजर सेव्हन. बहुतेक सोप्या गाण्यांत तो एफचं काम करतो.

मला माहीत आहे, काही शिक्षक म्हणतात की मी चुकीचे, अर्धवट वाजलेले कॉर्ड खपवून घेतो. हो, घेतो. अर्धा वाजलेला सी समेवर आला तर गाणं चालू राहतं आणि तो सी आठवड्याभरात स्वच्छ होतो. स्वच्छ सी उशिरा आला तर गाणं तिथेच मोडतं. हे शिकवायला मी फार उशिरा लागलो, त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून या बाबतीत माझ्याशी वाद घालू नकोस.

गाणं निवडताना 'सोपं' म्हणजे काय ते बघ. गायला सोपं भावगीत वाजवायला सोपं असेलच असं नाही. कोमल स्वरांची वळणं आली की तीन कॉर्ड पुरत नाहीत, आणि काही ठिकाणी अर्ध्या आवर्तनात कॉर्ड बदलतो. तुला तीनच कॉर्डचं, समेवरच बदलणारं आणि शब्द तोंडपाठ असलेलं गाणं हवं. लहान मुलांची गाणी, एखादी आरती चालेल, लाजू नकोस. स्वर तुझ्या गळ्याला लाव. तुझी पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी) असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर, काळी पाच असेल तर तिसऱ्यावर, आणि आकार जीचेच.

गिटार बदलायची नाही असं म्हटलं, पण तपास. बाराव्या फ्रेटला सहावी तार पट्टीपासून किती उंच आहे ते मोज. दोन ते अडीच मिलिमीटर ठीक. तीनच्या वर गेली असेल तर धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात नेऊन सेटअप करून, म्हणजे तारांची उंची नीट लावून घे आणि दहाचा, म्हणजे बारीक तारांचा सेट चढवायला सांग, बोटांना हलका जातो. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड दमट हवेने फुगतं आणि तारा वर येतात, त्यात तुझा दोष नाही. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पूस, खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात. रात्री शेजारी कुरकुरत असतील तर ब्रिजजवळ तारांखाली हातरुमाल सरकव. सूर दबतो, ठेका ऐकू येतो, तुला सध्या तोच हवा आहे.

रोज पंधरा मिनिटं. मेट्रोनोम (ठरल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका टिकटिकीला दोन मात्रा, दर समेला नवा कॉर्ड. म्हणजे चार सेकंदांनी कॉर्ड बदलतो, मिनिटाला पंधरा वेळा. ठेका न धरता नुसते बदल मोजलेस आणि मिनिटाला तीस झाले की मेट्रोनोम ८० वर ने, आधी नाही.

रविवारपर्यंत मला एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठव. जी आणि सी ॲड नाइन, ६० वर. पंधरातले सात बदल फसले तरी पाठव. उजवा हात एकदा जरी थांबला तर ते पुसून टाक आणि पुन्हा कर.