तेल कंपनी विकली गेली, जुनी माणसं सोडून चालली आहेत. मी थांबू का?

तुमचा सोयाबीन तेलाचा प्लांट मोठ्या कंपनीने घेतला, जुन्या-नव्यांचं रोज वाजतंय, चांगले ऑपरेटर निघून गेले आणि तुमची नऊ वर्षांची नोकरी टांगणीला लागलीय, असं तुम्ही लिहिलंय.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये (हेक्झेन या द्रावकाने सोयाबीनमधून तेल काढतात तो) शिफ्ट सुपरवायझर होतो, तेव्हा आमच्याकडेही मालक बदलले. पगार कुणाचाच कमी झाला नाही. तरी माणसं गेली. टोस्टरवरचे (पेंडीतलं हेक्झेन वाफेने उडवणाऱ्या यंत्रावरचे) काका डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, मुठीत दाबायचे, नाकाशी धरायचे आणि हेक्झेन राहिलंय का, वाफ किती वाढवायची ते सांगायचे. नव्या साहेबांनी फर्मान काढलं की व्हॉल्व्हला हात लावण्याआधी मुख्यालयाला विचारायचं. रात्रपाळीत तिकडे फोन कोण उचलणार? काका एवढंच म्हणाले, "मले कोनी विचारतच नाही, तं मी कायले थांबू?" ऐन हंगामात ते गेले. त्यांच्या हाताखालची पोरंही गेली, कारण शिकवणाराच उरला नव्हता. मग डीओसी करपायला लागली, भरलेल्या गाड्या परत यायला लागल्या. भाऊ, मला त्याची हळहळ अजून वाटते.

खनिज तेलातही हेच दिसतं. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रातून तेल काढणाऱ्या केर्न इंडियाचा ताबा डिसेंबर 2011 मध्ये वेदांताकडे गेला. 2012 मध्ये सीईओ राहुल धीर बाहेर पडले, 2014 मध्ये त्यांच्या जागी आलेले पी. एलँगोही.

आता तुमचं. नव्या कंपनीने शेअर घेतले की प्लांटच विकत घेतला, हे आधी विचारा. नुसते शेअर घेतले असतील तर कागदावर तुमची कंपनी तीच आणि सेवाही सलग. प्लांट दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला असेल, तर कामगारांसाठी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25एफएफ होतं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद आहे. जुनी सेवा सलग धरायची, अटी आधीपेक्षा वाईट करायच्या नाहीत, नाहीतर छाटणीसारखी भरपाई द्यायची. म्हणून जुनी रुजू तारीख नसलेल्या 'नवीन नियुक्ती' पत्रावर सही करू नका. ग्रॅच्युइटी त्याच तारखेपासून मोजली जाते.

थांबायचं की नाही हे मी पगारावरून ठरवणार नाही. तुमच्या शिफ्टमधला निर्णय तुमच्या हातात राहतो का, ते बघा. राहत असेल तर हा हंगाम काढा, एखाद्या पोराला काम शिकवा. नसेल, तर अकोला-नागपूरकडे अनुभवी ऑपरेटरची विचारपूस होतेच. फक्त दुसरीकडचं नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि निघताना अनुभवपत्र घ्या, पीएफ जुन्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक) वळवून घ्या.