वाचक विचारतात: रिशल्यूचं मेडल खरंच १६३०चं आहे का?

प्रश्न: नमस्कार. मागच्या वर्षी पॅरिसला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका जुन्या बाजारातून ब्राँझचं गोल मेडल घेतलं, तळहातात मावेल एवढं, साधारण पावणेआठ सेंटिमीटर. एका बाजूला टोकदार दाढीचा माणूस, विक्रेता म्हणाला कार्डिनल रिशल्यू, म्हणजे फ्रान्सच्या तेराव्या लुई राजाचा मंत्री असलेला बडा ख्रिस्ती धर्मगुरू. मागच्या बाजूला घोड्यांचा रथ आणि त्याच्या मागे साखळीने बांधलेली एक बाई आहे आणि १६३० असं स्पष्ट लिहिलंय. ओरिजिनल आहे असं सांगून बरेच युरो घेतले हो त्याने. कडेवर मात्र ब्राँझ असा शब्द आणि शिंगासारखं काहीतरी बारीक उमटलंय. सासूबाई म्हणतात ती बाई म्हणजे पकडलेली राणी असणार. खरं काय?

उत्तर: ताई, आधी वाईट बातमी. तुम्ही ज्याला शिंग म्हणताय ते फळाफुलांनी भरलेलं समृद्धीचं शिंग आहे आणि ती पॅरिसच्या सरकारी टांकसाळीची खूण आहे, १८८० पासूनची. त्याआधी १८६० ते १८७९ मधमाशी होती, त्याच्याही आधी बोट दाखवणारा हात, आणि सगळ्यात पहिला १८३२ चा दिवा. म्हणजे तुमचं मेडल १८८० नंतर कधीतरी बनलेलं आहे, मागे १६३० असलं तरी, कारण ते साल डिझाइनचं आहे, ते तसंच्या तसं पुन्हा उमटतं. खोटं म्हणू नका हं त्याला, टांकसाळ स्वतः जुनी मेडलं नव्याने छापून राजरोस विकायची, लबाडी फक्त त्या विक्रेत्याची. लोक चेहरा आणि साल बघून भुलतात, कड कोणी बघतच नाही.

मूळ डिझाइन ज्याँ वाराँ याचं. आजच्या बेल्जियममधल्या लिएजकडून पॅरिसला आलेला हा माणूस पुढे नाण्यांचा मुख्य खोदकाम करणारा झाला, तेराव्या लुईच्या १६४० च्या सोन्याच्या लुई नाण्यांवरचा राजाचा चेहरा त्याचाच. त्या काळी मेडल करायच्या दोन पद्धती होत्या. एक म्हणजे मेणात चेहरा घडवायचा, त्यावरून साचा करायचा आणि त्यात ब्राँझ ओतायचं, मग छिन्नीने केस, लेस, डोळ्यांच्या कडा साफ करत बसायचं. दुसरी म्हणजे पोलादी साच्यांमध्ये धातूची चकती दाबून छापायची, नाण्यासारखी. वाराँच्या आधीचा उस्ताद गियोम द्युप्रे ओतण्यात इतका तरबेज की १६१८ मध्ये त्याने पिएर जानँ या अर्थमंत्र्याचं मेडल केलं ते जवळपास १९ सेंटिमीटरचं, जेवायच्या छोट्या ताटलीएवढं! म्हाताऱ्याच्या गालाची सैल कातडीसुद्धा त्यात जाणवते, आणि मला विचाराल तर रिशल्यूपेक्षा तेच जास्त भारी आहे. एवढा मोठा आणि उठावदार चेहरा तेव्हाच्या यंत्राने छापणं शक्यच नव्हतं.

ओतीव मेडल भिंगाखाली बघितलं की बारीक छिद्रं, छिन्नीचे ओरखडे दिसतात, छापलेल्याची पार्श्वभूमी गुळगुळीत आणि अक्षरं धारदार असतात. आणखी एक, ब्राँझ थंड होताना थोडं आकसतं त्यामुळे जुन्या मेडलवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल एखाद मिलिमीटर लहान भरते आणि चेहरा साबण झिजल्यासारखा दिसतो. पुढच्या वेळी घ्यायचं असेल तर मोजपट्टी बरोबर ठेवा, आणि हे जे आहे ते चिंच किंवा पॉलिश लावून चकचकीत करू नका प्लीज, तो तपकिरी रंगच त्याची शोभा आहे.

आता त्या बाईचं. रथात बसलीय ती बाईच्या रूपातला फ्रान्स देश, रथ हाकतेय कीर्तीची देवी, आणि मागे साखळीत आहे ती नशिबाची देवी. वर लॅटिनमध्ये तांदेम विक्ता सेक्वोर लिहिलंय, म्हणजे अखेर हरले, आता मागोमाग येते. विक्ता हे स्त्रीलिंगी रूप आहे त्यामुळे बोलतेय ती, कार्डिनल नाही, हे मला फार आवडतं, स्वतःची स्तुती स्वतः न करता नशिबाच्या तोंडून करवून घेतलीय पठ्ठ्याने. रिशल्यू १६२४ पासून मुख्य मंत्री, १६२८ मध्ये ला रोशेल हे बंडखोर प्रोटेस्टंटांचं बंदर जिंकलेलं, तेव्हा तोरा असणारच. आणि गंमत म्हणजे त्याच १६३० च्या नोव्हेंबरमध्ये राजाच्या आईने त्याला हाकलायचा हट्ट धरला, दरबारात सगळे धरून चालले की संपला हा, आणि राजाने ऐन वेळी त्यालाच ठेवलं. पुढच्या वर्षी देश सोडून पळावं लागलं ते राजमातेला.

तेव्हा सासूबाईंना सांगा, मेडलवरची बाई राणी नाही, पण राणीचा अंदाज अगदीच वाया गेला नाही.