लेडीजमध्ये सात फायनल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय अडतीस, उंची पाच फूट आठ इंच, डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय, पण लेडीजचा सात नंबर घट्ट होतो, आठ कुठे मिळत नाही, आणि जेंट्सचे बूट घातले की 'नवऱ्याचे घालून आलीस का' असं मैत्रिणी विचारतात. तर दिसायला बरे आणि चालायला आरामाचे बूट मिळवायचे कुठून?

'कुठून' हे सगळ्यात शेवटी सांगते. मी स्वतः साडेसव्वीस सेंटिमीटर पायाची बाई, रोज पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चार किलोमीटर चालते, आणि दुकानं पालथी घालण्यात जी वर्षं घालवली तेवढ्यात पायच नीट मोजला असता तर बरं झालं असतं.

माझ्या लग्नाच्या खरेदीची गोष्ट. पुण्यातलं गर्दीचं दुकान, सोबत आई आणि मावशी. दुकानातल्या पोराने माझ्या पायाकडे पाहिलं, स्टुलावर चढला आणि माळ्याच्या चौकोनी भोकात तोंड घालून ओरडला, "लेडीज आठ बघ रे!" वरून आवाज आला, "लेडीज सात फायनल!" अख्ख्या दुकानाने माझ्या पायांकडे बघून घेतलं. मावशी म्हणाली, "सातच दे, चामडं सैल होतं." आम्ही सात घेतला. रिसेप्शनला तीन तास स्टेजवर उभी होते, आणि फोटोत मी जी लाजून खाली बघतेय असं सगळ्यांना वाटतं, ती खरं तर करंगळीकडे बघतेय. मावशीचं निम्मं बरोबर होतं. चामडं रुंदीला थोडं सैल होतं. लांबीला ते तसूभरही वाढत नाही, आणि हल्लीच्या स्पोर्ट्स शूजचं कापड-रबर तर मुळीच नाही. 'वापरून सैल होतील' हे वाक्य दुकानदाराने म्हणो की मावशीने, ऐकू नका.

तर पाय मोजायचा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सकाळी मोजलेला पाय आणि सहा वाजताचा पाय वेगळे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, वजन त्याच पायावर, आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल अगदी उभी धरून खूण करायला सांगायची. आपण स्वतः वाकलो की वजन हलतं. सगळ्यात पुढे असलेल्या बोटापर्यंत मोजा. पुष्कळजणींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. मग चवड्याची रुंदी घ्या: अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या हाडापासून करंगळीच्या बुडापर्यंत. दोन्ही पाय मोजा. माझा उजवा २६.१ भरतो आणि डावा २६.५. बूट डाव्याचा घ्यायचा, उजव्याला हवं तर जाड मोजा घालता येतो. आणि हा आकडा जन्मभराचा नसतो. बाळंतपणात पायाचे बंध सैल पडतात आणि काहीजणींचा पाय कायमचा लांबतो. मी मुलीच्या वेळी अर्ध्या नंबराने वाढले.

आता नंबरांचा घोळ. आपल्याकडे खोक्यावर सहसा ब्रिटिश नंबर असतो आणि शेजारी युरोपियन. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, पावणेसात मिलिमीटरच्या जरा आत. म्हणजे ज्या दुकानात साडेसात, साडेआठ असे अर्धे नंबर ठेवत नाहीत, तिथे तुमच्यापुढे जवळजवळ एक सेंटिमीटरची उडी असते: सात चावतो, आठ फटफटतो. शिवाय एका कंपनीचा ४१ म्हणजे सात, दुसरीचा ४१ म्हणजे साडेसात. त्यामुळे नंबर सोडा, बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल बघा. तिथे बऱ्याचदा सेंटिमीटरही छापलेले असतात. अमेरिकेतून बहीण-भावजय आणणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथे बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडने मोठा लिहितात. मी नुसतं 'आठ' सांगितलं आणि नणंदेने लेडीज आठ आणला. तो आता माझी मुलगी घालते.

पण तुमचा खरा प्रश्न लांबीचा आहे का, याचीच मला शंका आहे. सात 'घट्ट' होतो असं तुम्ही म्हणता. पुढून घट्ट की बाजूंनी? बोटं पुढे आपटत असतील, उतारावर अंगठ्याचं नख दुखत असेल, तर लांबी कमी. करंगळीला कुरूप येत असेल किंवा बुटाचं कापड चवड्यापाशी बाहेर फुगत असेल, तर रुंदी कमी. आपण बायका रुंदीच्या त्रासावर लांबी वाढवून उपाय करतो. मग चवडा मावतो, पण टाच मागे उचलली जाते, बोटं पुढे सरकतात, आणि बुटाची जिथे घडी पडायला हवी तिथे न पडता बोटांवर पडते. मी दहा वर्षं नऊ नंबर घालत होते. मापाने आठच्या आसपासची निघाले, फक्त रुंद.

यात आपला दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅन केले, तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली आहे. ती दुकानांत येईपर्यंत आपण परक्या फर्म्यावर बेतलेले बूट घालतोय. फर्मा म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवून शिवतात तो. लेडीज फर्मा टाचेला अरुंद, चवड्याला बेताचा आणि एकूण उथळ असतो. जेंट्सचा सगळीकडूनच ऐसपैस. रुंदीला अक्षरं असतात: बायकांची नेहमीची रुंदी 'बी', पुरुषांची 'डी', त्याहून रुंद 'टू-ई'. न्यू बॅलन्स, असिक्स, ब्रूक्स या कंपन्या काही मॉडेल बायकांमध्येही 'डी' रुंदीत काढतात. आपल्या दुकानांत ती मांडलेली असतीलच असं नाही, पण वेबसाइटवर 'वाइड' असं शोधून बघा. 'लेडीज, वाइड' मिळालं तर जेंट्सकडे जायची गरजच पडत नाही.

दुकानात गेल्यावर पहिलं काम: बुटातला आतला तळ, तो सुटा सोल, बाहेर काढा. स्पोर्ट्स शूजमध्ये बहुधा निघतो. जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभ्या राहा. टाच मागच्या कडेला, पुढे अंगठाभर, म्हणजे सेंटिमीटरभर जागा. आता बाजूंना बघा. पायाचं मांस सोलच्या कडेबाहेर उतू गेलेलं दिसलं तर बूट कितीही सुंदर असो, परत खोक्यात. या एका चाचणीने माझे जेवढे पैसे वाचलेत तेवढे कुठल्याच सेलने वाचवले नाहीत. पोरं जरा चक्रावून बघतात, बघू देत. मग बूट हातात धरून वाकवा: चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर घेऊ नका. टाचेचा मागचा भाग दोन बोटांनी दाबा. पापडासारखा आत गेला तर महिनाभराने तो टाचेला धरून ठेवणार नाही.

जेंट्सचा बूट घेतलात तर त्रास होईल तो टाचेत, कारण तिथे तो सैल असतो. यावर मोजे वाढवू नका, नाडी वेगळी बांधा. घोट्याजवळ शेवटच्या भोकाच्या जरा मागे एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेकांना कंपनीने चुकून पाडलंय असं वाटतं. नाडी नेहमीसारखी वरपर्यंत आणा. मग ती पलीकडे न नेता त्याच बाजूच्या जास्तीच्या भोकातून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फास राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तेच. आता उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओवा आणि खाली घोट्याकडे ओढून गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते. चवडा रुंद असेल तर सगळ्यात खालच्या दोन भोकांच्या जोड्यांत नाडी आडवी न नेता कडेकडेने वर न्या, तिथला ताण जातो.

आता दिसण्याचं. गौरी आणतो तेव्हा आपण मुठीने ठसे उमटवून वर बोटांचे ठिपके देतो, केवढीशी चिमुकली पावलं ती. लक्ष्मी बहुधा दोन नंबर घालत असावी. आपण नाही घालत, काय करणार! पण बूट 'होडी' दिसणं हे पायापेक्षा बुटाच्या रचनेवर जास्त अवलंबून असतं, हे मी खात्रीने सांगते. पांढरा बूट आणि खाली जाडजूड पांढरा सोल, ही सगळ्यात मोठी होडी. पुढे निमुळतं टोक, हीसुद्धा. गोलसर टोक, गडद रंग आणि वरच्या भागात आडवी शिवण किंवा वेगळ्या रंगाचा तुकडा असेल तर नजर तिथे अडते आणि लांबी कमी भासते. जांभळट, बाटलीहिरवा, मरून, नेव्ही हे रंग पंजाबी ड्रेसवरही खपतात. लेगिंग आणि चुडीदार घोट्याशी आवळतात, त्यामुळे खाली पाऊल मोठं दिसतं. सरळ पॅन्ट घातली की तोच बूट बेताचा वाटतो. साडीवर चालायला जाणाऱ्या तर तळजाईवर कित्येकजणी आहेत, त्यांच्या बुटांकडे कोणी बघत नाही.

जेंट्सच्या काळ्या-करड्या बुटाला तर मी एकच करते, नाड्या बदलते. जुन्या नाडीची लांबी मोजून तेवढीच घ्यायची, नाहीतर गाठ खाली लोंबते. माझ्या राखाडी बुटाला मरून नाड्या आहेत. मागच्या दिवाळीत भावजयीने विचारलं, "हे लेडीजमध्ये कुठे मिळाले?"

कोल्हापुरीबद्दल कोणी ना कोणी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत कारागिराने कागदावर माझ्या पायाभोवती पेन्सिल फिरवली, अंगठ्याची जागा बोटाने चाचपली आणि विचारलं, "पट्टा जरा रुंद टाकू का, वैनी?" माझा नंबर त्याने विचारलाच नाही. पंधरा दिवसांनी आलेली चप्पल आजही माझ्या पायातली सगळ्यात देखणी वस्तू आहे. लग्नाकार्याला, ऑफिसला जरूर करून घ्या. पण तळ सपाट चामड्याचा, खाली काही मऊ नाही; काँक्रीटवर रोज तासभर चालायला ती नको. टाच दुखायला लागेल, मग चालणंच बंद. मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना पाय दाखवा. ते बहुधा एमसीआरची, म्हणजे मऊ सच्छिद्र रबराच्या तळाची चप्पल किंवा तसलाच मऊ तळ सांगतील.

आणि आता 'कुठून'. जिथे माळा आहे आणि खोकं दुसरा माणूस काढून देतो, अशा दुकानात पहिल्यांदा जाऊ नका. डेकॅथलॉनसारख्या ठिकाणी बूट समोर मांडलेले असतात, आपले आपण घालून बघता येतात, जेंट्सच्या रांगेत तुम्ही का उभ्या आहात हे कोणी विचारत नाही. जेंट्सचा सात-आठ हा हमखास असणारा माल आहे. मॉलमधल्या ब्रँडच्या दुकानात 'युनिसेक्स' विचारा. ऑनलाइन मागवायचं तर परत घेण्याची सोय बघून एकाच मॉडेलचे दोन नंबर मागवा, संध्याकाळी मोजे घालून घरातल्या फरशीवर पंधरा मिनिटं फिरा, टॅग काढू नका, एक परत पाठवा. आवडता जोड सापडला की त्याच मॉडेलचा दुसरा लगेच घेऊन ठेवा, कारण कंपन्या पुढच्या वर्षी त्याच नावाखाली फर्मा बदलतात. तसाही चालण्याचा बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतून बसतो, वरून नवा दिसत असला तरी.

तुमच्या दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये खाली लिहा. संध्याकाळची. मग नेमका कुठला नंबर आणि कुठली रुंदी, ते सांगते.